पावणेपाचची फेरी

गर्दी मला सहन होत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जो आगाऊपणा केला त्याचं नवल वाटणार नाही. आमच्या मॉरिसव्हिलच्या इंडियन ग्रोसरीत मी मंगळवारी दुकान उघडायच्या वेळेला जाते. मंडळाच्या गणपतीला आरती संपून लोक पार्किंगमधून बाहेर पडायला लागले की पोचते. माझा नवरा यतीन म्हणतो, रेणू स्वर्गातसुद्धा ऑफ-सीझन बघून जाईल. म्हणू दे. माझं कामच तसलं आहे, सॉफ्टवेअर टेस्टिंग. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्यांना नंबर द्यायचे. पंधरा वर्षं हे केलं की माणूस खवट होतोच.

तर आई पुण्याहून आली आणि म्हणाली, मला कोलोरॅडोतलं स्वॅलो हाउस बघायचंय. मी दुसऱ्या दिवशी गर्दीचा तक्ता करायला घेतला.

आई म्हणजे शैलजा. पुण्यात एका पुरातत्त्व संस्थेत एकतीस वर्षं ड्राफ्ट्समन होती. ड्राफ्ट्सवुमन असा शब्द संस्थेच्या कागदावर नव्हता, त्यामुळे रिटायर होईपर्यंत ती मॅनच राहिली. उत्खननात निघालेली खापरं तिच्या टेबलावर यायची आणि ती त्यांची चित्रं काढायची. काठ कसा वळलाय, जाडी किती, रेघा किती, सगळं मापात. रिपोर्ट दुसऱ्यांच्या नावाने छापले जायचे, त्याचं तिला काही नव्हतं. तिला छळायची एकच गोष्ट. कधीकधी खापरावर बोट उमटलेलं असायचं. कुणाचं असेल, ती विचारायची. बाईचं, पुरुषाचं, मुलाचं? तिचे साहेब म्हणायचे, "बाई, तुम्ही जाडी मोजा."

संस्थेच्या लायब्ररीत एका जुन्या अमेरिकन जर्नलमध्ये तिने स्वॅलो हाउसचा एक काळा-पांढरा फोटो बघितला होता. कड्याखालच्या कपारीत आठशे वर्षांपूर्वी बांधलेली दगडी घरं. त्यातल्या एका बुटक्या भिंतीत, दोन दगडांमधल्या मातीच्या सांध्यात, बोटांचे चार खळगे ओळीने. खाली एक ओळ होती, की हे बांधणाऱ्यांचे ठसे आहेत. बस्स. कोण बांधणारे, ते काही नाही. आई हे मला मी शाळेत असल्यापासून सांगत आलीये.

आता तिचे डोळे चाललेत. म्हातारपणी होतो तो पडद्याचा आजार, त्यात नजरेचा मधला भाग जातो आणि कडा राहतात. समोरच्या माणसाचं तोंड दिसत नाही, कान दिसतात. काही बघायचं असेल तर तिला त्याच्या बाजूला बघावं लागतं. पुण्याचे डॉक्टर म्हणाले होते, बारीकसारीक वर्षभर दिसेल, पुढचं मी सांगत नाही. त्यातले आठ महिने संपले होते. "एकदा बघून ठेवते," ती म्हणाली. लोणचं घालून ठेवावं तसं म्हणाली. मी तेव्हा बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले, आणि मग लॅपटॉप उघडला.

तिथलं गणित असं. स्वॅलो हाउसमध्ये एकटं जाता येत नाही. रेंजर तीस माणसांची फेरी घेऊन कड्यावरून खाली उतरतो. सकाळी पावणेनऊपासून दर तासाला एक फेरी. तिकिटं दोन आठवडे आधी ऑनलाइन सुटतात आणि चार-पाच मिनिटांत संपतात. मी चारशेच्या वर रिव्ह्यू वाचले. सकाळी टूर कंपन्यांच्या बसेस येतात, दुपारी लेकुरवाळे. कोण कधी थकतं, कोणाला कधी भूक लागते, सगळं मी एक्सेलमध्ये भरलं. ऑक्टोबरचा पहिला आठवडा, बुधवार, दुपारी चारनंतर. त्या वेळी लोकांना हॉटेलवर परत जाऊन जेवायचं असतं, कारण खाली गावात पोचायला वळणावळणाचा तासाभराचा रस्ता आहे.

आईने माझा तक्ता ऐकून घेतला आणि म्हणाली, "गर्दीचं ठीक आहे गं. उजेडाचं काय?"

खापरावरचा ठसा समोरून उजेड पाडला तर दिसतच नाही, असं तिचं म्हणणं. उजेड बाजूने, भिंतीला घासून गेला पाहिजे, म्हणजे खळग्यात सावली पडते. एकतीस वर्षं तिने टेबललॅम्प वाकडा करून काम केलं होतं. मग आम्ही सूर्य कुठल्या तारखेला किती वाजता कुठे असतो ते दाखवणारं अॅप घेतलं, कपारीची दिशा नकाशावर शोधली, आणि दोघी डायनिंग टेबलावर तीन संध्याकाळी बसलो. उत्तर आलं: पाच ते पाच-वीस. त्यानंतर समोरच्या कड्याची सावली भिंतीवर चढते. म्हणजे पावणेपाचची फेरी. माझी गर्दी आणि तिचा उजेड एकाच फेरीत बसले. मी इतकी खूश झाले की त्या ओळीला हिरवा रंग दिला.

तिकिटं सुटायची ती बुधवारी, आमच्या वेळेने सकाळी दहाला. नेमकी दहालाच माझी रिलीज मीटिंग. पण शाळेला टीचर वर्कडेची सुट्टी होती आणि माझी लेक इशिता घरी होती. चौदा वर्षांची. तिची बोटं माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने चालतात. मी तिला वेबसाइट काढून दिली, कार्ड दिलं, आणि म्हटलं, "वेळ आजी सांगेल, ती बुक कर." वरच्या खोलीत मीटिंगमध्ये बसून मी कान खालीच लावले होते. दहा वाजून एक मिनिटाने खालून आवाज आला, "मम्मा, गॉट इट!" माझ्या इनबॉक्समध्ये कन्फर्मेशन आलं. मी त्याला स्टार दिला आणि मीटिंगकडे वळले.

स्टार दिला. उघडलं नाही. हे लक्षात ठेवा, मला नंतर ठेवावं लागलं.

यतीनचा ऑन-कॉल होता, म्हणून आम्ही तिघीच निघालो. राले-डरमहून डेन्व्हर, तिथून छोट्या विमानाने डुरँगो, मग भाड्याची गाडी. आई एकाहत्तर वर्षांची, पण रोज पर्वती चढणारी. पाय तिचे माझ्यापेक्षा धड. विमानात ती एक मिनिट झोपली नाही. खिडकीशी मान तिरकी करून बसली होती, डोंगर कडेने बघत. एअर होस्टेसला वाटलं बाईंची मान अवघडलीये, तिने उशी आणून दिली.

साडेचारला आम्ही कड्याच्या वरच्या पार्किंगमध्ये होतो. माझ्या तक्त्याप्रमाणे गाड्या कमी असायला हव्या होत्या. एकही जागा रिकामी नव्हती. एका पांढऱ्या बसमधून निळ्या टोप्या घातलेले वीस-बावीस जण उतरत होते, कुठल्यातरी रिटायर्ड लोकांच्या क्लबचे. "यांनी माझे रिव्ह्यू वाचले वाटतं," मी म्हटलं. आई हसली. तिचा मूड फार चांगला होता. तिने ठेवणीतली हातमागाची साडी नेसली होती, खाली स्पोर्ट्स शूज, आणि पर्समध्ये भिंग.

फाटकाशी रेंजर उभी होती. तिशीची, काळ्या जाड वेणीची. तिने माझा फोन स्कॅन केला आणि म्हणाली, "तुम्ही लवकर आलात. तुमची फेरी पाच पंचेचाळीसची."

मी म्हटलं, नाही, चार पंचेचाळीसची. तिने फोन माझ्याकडे वळवला. पाच पंचेचाळीस. पार्टी ऑफ थ्री. अगदी मोठ्या अक्षरांत, मी दोन आठवड्यांपूर्वी स्टार दिलेल्या त्याच मेलमध्ये.

मी इशिताकडे वळले. ती म्हणाली, "आजीने पावणेपाच सांगितलं. आय बुक्ड पावणेपाच."

"पावणेपाच म्हणजे चार पंचेचाळीस!"

"हाउ? त्यात पाच आहे."

मग जे माझ्या तोंडून बाहेर पडलं ते सगळं इथे लिहीत नाही. चौदा वर्षांची झालीस, शनिवारच्या मराठी शाळेत काय फक्त वडापाव खायला जातेस, एक गोष्ट धड विचारता येत नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. निळ्या टोप्यांना मराठी येत नव्हतं, पण आईने पोरीला झापलेलं कुठल्याही भाषेत कळतं. ते सगळे आभाळाकडे बघायला लागले. इशिताने हुडी डोक्यावर ओढली.

मी रेंजरला विनवलं. आईचे डोळे, उजेड, फोटो, सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. फेरी भरलेली होती, तिसाच्या वर एकही नेता येत नाही, शिड्या आहेत, नियम आहे. मग तिने यादी बघितली आणि म्हणाली, "एक जण आलेला नाही. एकाला घेऊ शकते."

"आई, तू जा," मी म्हटलं.

आईने कड्याकडे बघितलं, म्हणजे कड्याच्या बाजूला. खाली ऊन पिवळं व्हायला लागलं होतं. "एकटी जाऊन मी पायऱ्या सांभाळू की भिंत बघू?" ती म्हणाली. "मला एक वस्तू सापडायला दहा मिनिटं लागतात रेणू. तोवर मागे एकोणतीस माणसं उभी. भिंत बघायच्या आधी धक्का खाऊन दरीत जाईन."

"मग उजेडाचं काय?"

"उजेड गेला तर गेला. हिने काढलेल्या तिकिटावर जाऊ."

ती इतकी सहज म्हणाली की मला आणखी राग आला. दोन आठवडे मी तारखा, कोन, सावल्या जुळवल्या आणि ही म्हणते गेला तर गेला. पण तिने पर्सची चेन लावली ती दोनदा चुकली, आणि भिंग हातातच राहिलं. तिलाही लागलं होतं. 

निळ्या टोप्या खाली उतरल्या. आम्ही कड्याच्या कठड्याशी बाकावर बसलो. तिथून कपारीचा एक तुकडा दिसत होता, चौकोनी मनोरा आणि त्याच्या पायथ्याशी बुटक्या भिंती. बरोबर पाच वाजता ऊन आत शिरलं. अगदी आमच्या गणिताप्रमाणे. मनोऱ्याच्या दगडांच्या कडा एकेक वर आल्या. त्या उजेडात तीस माणसं उभी राहून फोटो काढत होती.

"बरोबर होतं का गं आपलं?" आईने विचारलं.

"मिनिटाला मिनिट," मी म्हटलं.

मग हुडीच्या आतून इशिता बोलली. "सव्वापाच इज फाइव्ह फिफ्टीन. पाच प्लस पाव. साडेपाच इज पाच प्लस हाफ. मग पाऊण इज थ्री क्वार्टर्स. सो पावणेपाच शुड बी पाच प्लस थ्री क्वार्टर्स. इट्स नॉट माय फॉल्ट तुमचं घड्याळ मध्येच उलटं जातं."

मी तोंड उघडणार तेवढ्यात आई म्हणाली, "हिशोब बरोबर आहे हिचा."

"आई, तू तिची बाजू घेऊ नकोस."

"अगं खरंच. सव्वा पुढे जातं, साडे पुढे जातं, आणि पावणे मागे येतं. मी कधी विचारच केला नव्हता." ती इशिताकडे सरकली. "पाव उणे, बाळा. पाचाला पाव उणे. पाऊणसुद्धा तसंच, एकाला पाव उणे. पोचलेलं नाही अजून, थोडं कमी आहे, असं."

"सो तुम्ही टाइम सांगता व्हॉट्स मिसिंग वरून?"

"पावणेला तसंच."

"दॅट्स सो वीअर्ड," इशिता म्हणाली, पण हुडी मागे टाकली. मग पावणेदोन, पावणेदहा, पावणेदोनशे असं दोघींचं सुरू झालं. पावणेदोनशे म्हणजे एकशे पंचाहत्तर हे कळल्यावर ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मम्मा, धिस शुड बी अ बग." आणि खरं सांगते, टेस्टर म्हणून मला ते पटलं. पण खरा बग माझ्या इनबॉक्समध्ये स्टार लावून पडला होता. मेल उघडून वाचणं हे माझं काम, मला त्याचा पगार मिळतो. नाचता येईना अंगण वाकडं. मी इशिताला सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "इट्स फाइन," म्हणजे फाइन नव्हतं, पण होईल.

साडेपाचला समोरच्या कड्याची सावली मनोऱ्याच्या टोकापर्यंत चढली आणि कपार राखाडी झाली. निळ्या टोप्या धापा टाकत वर आल्या, बसमध्ये बसल्या आणि जेवायला गेल्या. पार्किंगमध्ये आमची एकच गाडी उरली.

पावणेसहाच्या फेरीला आम्ही तिघी आणि ती रेंजर. बाकीच्या तिकिटवाल्यांना बहुतेक भूक लागली असावी. चारशे रिव्ह्यू वाचून मला जमलं नाही ते पोरीच्या चुकीने जमलं. एवढी प्रसिद्ध जागा आणि कुणीच नाही.

उतरताना आईने इशिताचा खांदा धरला होता. मी पुढे. दोन शिड्या, मग कड्यात खोदलेली पाऊलवाट. रेंजर वाटेत सांगत होती, की तिचं गाव न्यू मेक्सिकोत आहे आणि हे बांधणारे तिचे पूर्वज. लोक येऊन विचारतात, ही माणसं गायब कशी झाली? "गायब नाही झाली," ती म्हणाली, "दुसरीकडे राहायला गेली. मीच उभी आहे ना तुमच्यासमोर." आईला हे फार आवडलं. तिने विचारलं, जाताना दारं बंद करून गेली होती का? रेंजर थांबली. म्हणाली, काही खोल्यांची दारं दगडांनी नीट बुजवलेली सापडली. का ते तिला माहीत नव्हतं. "परत यायचं असेल," आई म्हणाली. "असेल," रेंजर म्हणाली.

कपारीत गारवा होता. आवाज केला की तो वरच्या खडकाला लागून परत यायचा, म्हणून आम्ही हळू बोलत होतो. बुटकी भिंत मनोऱ्याच्या मागेच होती, दोरीच्या अलीकडून हातभर अंतरावर. आईने मान तिरकी केली. उजवीकडे बघून झालं, डावीकडे. खाली वाकली. भिंग लावलं, काढलं.

रेंजरने पट्ट्यावरचा टॉर्च काढला. "आम्ही सर्व्हे करताना असंच करतो," ती म्हणाली, आणि टॉर्च भिंतीशी आडवा धरला, शिवू न देता. उजेड दगडांवरून घासत गेला आणि चार खळगे वर आले. मी तो फोटो लहानपणापासून ऐकत आले होते. दगडाच्या दोन थरांमध्ये वाळलेली माती, एका जागी बसवलेली दगडाची छोटी चीप, आणि तिच्या शेजारी चार बोटं. काल दाबल्यासारखी.

"आई, दिसले?"

टॉर्च वर धर, खाली धर, ती सांगत राहिली आणि रेंजर धरत राहिली. पाच मिनिटं गेली. सात गेली. "सावली आहे तिथे काहीतरी," ती म्हणाली. "एक करडा डाग. बोटं नाही दिसत." मग सरळ झाली आणि साडीचा पदर नीट केला. "नाही दिसत गं मला. उशीर झाला."

त्या उशिरात तास होता की वर्षं होती, मला विचारवेना. उन्हात दिसलं असतं का? टॉर्चपेक्षा ऊन कितीतरी जास्त. असतंच, असं मला वाटलं, आणि आईसमोर ते तोंडावर दिसू नये म्हणून मी फिरले. मग आठवलं की तिला माझं तोंड दिसत नाही. तेव्हा मात्र मला आवरलं नाही.

इशिता दोरीशी गुडघ्यावर बसली होती. तिने हात पुढे केला. रेंजर म्हणाली, हात लावायचा नाही. "आय वोन्ट," ती म्हणाली. हात भिंतीपासून चार बोटं दूर हवेत धरला, एक डोळा मिटून.

"आजी, माझा हात मोठा आहे."

"काय?"

"माझी फिंगर्स यात बसणार नाहीत. धिस इज अ किड. लाइक, आठ वर्षांचं."

आई वळली. "नीट बघ. चारही बोटं?"

"चारही."

रेंजरला विचारलं, तर ती म्हणाली की नक्की कुणी सांगू शकत नाही. पण तिच्याकडे घरं बायकाच लिंपतात, आणि आजी लिंपायला निघाली की घरातली सगळी पोरं मातीत हात घालायला मागे पळतात, तीसुद्धा पळायची. आईने इशिताला सांगितलं, फोटो काढ. एक समोरून, एक टॉर्चच्या बाजूने, एक वरून. मापाला शेजारी काहीतरी धर. रेंजरने आपली पेन्सिल भिंतीजवळ हवेत धरली. इशिताने सतरा फोटो काढले. आईचा आवाज एकदम बदलला होता. संस्थेतल्या ज्युनिअरशी ती असं बोलत असणार.

वर आलो तेव्हा साडेसहा वाजले होते आणि आभाळ जांभळं पडलं होतं. रेंजर आपली पेन्सिल इशितालाच देऊन, फाटक लावून गेली. पार्किंगच्या टोकाला टॉयलेट आणि बाहेर पाण्याचा नळ. तो ठिबकत होता. खाली तांबड्या मातीचा चिखल झाला होता. मी आत जाऊन तोंड धुऊन आले तर या दोघी त्या चिखलाशी उकिडव्या. इशिताने फोन गुडघ्यावर टेकवला होता आणि करंगळीच्या टोकाने चिखलात खळगा पाडत होती.

"हा जरा मोठा झाला," ती म्हणाली आणि माती सारखी करून पुन्हा पाडला. पेन्सिलीशी मोजून बघितला. "नाऊ इट्स राइट."

"खोली?" आई म्हणाली.

"हाउ डू आय नो?"

"ज्याच्यात सावली जास्त, तो खोल. चारांत सगळ्यात काळा कुठला?"

"उजवीकडचा. मग कमी, मग कमी. डावीकडचा जस्ट टच केल्यासारखा."

"तसं कर."

मी म्हणणार होते, आई, साडी. नाही म्हटलं. दहा-बारा मिनिटं लागली. इशिताने चीपसुद्धा ठेवली, एक खडा शोधून, फोटोत होती तिथे, खळग्यांच्या उजव्या अंगाला. मग आजीचा हात धरून मातीवर नेला.

आईने डोळे मिटले. गेलं वर्षभर ती डोळे मिटायला तयार नसायची. दुपारी पडायची नाही, गाडीत डुलकी घ्यायची नाही, जे दिसतंय ते वाया जाऊ द्यायचं नाही असा हट्ट. आता आपणहून मिटले. तिची बोटं त्या खळग्यांत जाईनात, म्हणून ती करंगळीने एकेक चाचपत गेली. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. मग परत उलटी आली. खड्याला हात लावला.

"डावा हात आहे," ती म्हणाली.

"व्हॉट? कसं कळलं?"

"जोर उजवीकडच्या बोटात आहे. करंगळीत एवढा जोर नसतो, म्हणजे ते अंगठ्याशेजारचं बोट. भिंतीवर तळवा ठेव बघू. अंगठ्याशेजारचं बोट उजवीकडे कुठल्या हाताचं येतं?"

इशिताने दोन्ही हात हवेत धरून बघितले. "लेफ्ट. सो ती लेफ्टी होती?"

"नसेल." आईची करंगळी खड्यावर होती. "उजव्या हाताने ही चीप दाबून धरली असेल. पडू नये म्हणून. उजवा हात गुंतलेला, मग माती डाव्याने दाबली." ती परत पहिल्या खळग्यावर गेली. "कुणीतरी सांगितलं असेल तिला, धर गं नीट, सोडू नकोस. आणि तिने धरली."

एकतीस वर्षं तिला हेच हवं होतं. मी तिच्या मागे उभी होते, ओल्या तोंडाने, हातात गाडीची किल्ली. इशिता माझ्याकडे बघून हसली. तांबड्या चिखलाने तिचे हात कोपरापर्यंत भरले होते. भाड्याच्या गाडीच्या सीटचं काय होणार हा विचार माझ्या मनात आला आणि मी तो तिथेच सोडला.

पण खालचा रस्ता तासाभराचा आणि वळणांचा. "आई, निघूया," मी म्हटलं. "अंधार पडतोय."

"पडू दे," आई म्हणाली. तिने डोळे उघडले नाहीत. "मला कुठे लागतोय आता उजेड."